खिडकीतून दादा कुणाला हाक मारतो

आमच्या मोटरसायकलच्या शोरूममागे वर्कशॉप आहे, वर्कशॉपमागे स्पेअर पार्ट्सचं स्टोअर आहे, आणि या दोघांमधल्या भिंतीत एक खिडकी आहे. दीड फूट बाय दोन फूट. वर्कशॉपच्या बाजूला माझा सख्खा मोठा भाऊ, हेड मेकॅनिक. स्टोअरच्या बाजूला मी. गेली तीन वर्षं तो त्या खिडकीत डोकं घालून मला हाका मारत होता. "धाकट्या, क्लच प्लेट." "धाकट्या, ब्रेक शू." "धाकट्या, जिवंत आहेस का?" मी वस्तू द्यायचो, तो घ्यायचा. घरी आमचं फारसं बोलणं नसतं. घरी तो पेपर वाचतो आणि मी त्याचा वाचून होण्याची वाट बघतो. त्यामुळे आमच्यात भावाभावांचं जे काही प्रेम आहे, त्याची सगळी ने-आण त्या दीड बाय दोनमधूनच व्हायची.

मग स्टोअरला दुसरा माणूस घेतला.

त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण मी ते घेत नाही. सगळे त्याला बारकोड म्हणतात, कारण तो रोज उभ्या काळ्या-पांढऱ्या रेघांचा शर्ट घालतो. आधी मला वाटलं एकच शर्ट असेल, आणि मला बरं वाटलं. पण तसे पाच आहेत. मी खिशावरच्या रेघा मोजून खात्री करून घेतली. शिवाय त्याला पार्ट नंबर पाठ. आमचे पार्ट नंबर अकरा आकडी असतात. मला माझ्या मामाचा फोन नंबर पाठ नाही, आणि मामा एकच आहे. याला चार हजार पार्ट पाठ. दादाने खिडकीतून नुसता तुटका बोल्ट दाखवला की हा खुर्चीवरून न उठता नंबर म्हणायचा, जणू काही जपच चाललाय.

पहिल्या आठवड्यात दादाची हाक होती, "अरे, तो नवीन कुठाय?" दुसऱ्या आठवड्यात, "बारकोड आहे का?" तिसऱ्या आठवड्यात खिडकीत डोकं आलं, माझ्याकडे बघितलं, मी उठलो, आणि डोकं म्हणालं, "तू बस. बारकोड!"

मी बसलो. बसायला काही हरकत नव्हती, खुर्ची चांगली होती. पण पोटात दुखायला लागलं.

खरं तर बारकोडचा राग यावा असं तो काहीच करत नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. माझ्यासाठी चहा आणायचा. माझा पेन संपला की दुसरा पुढे करायचा. एकदा मी मुद्दाम त्याच्या डब्याला "काय वास येतोय" म्हणालो, तर दुसऱ्या दिवसापासून तो डबा बाहेर जाऊन खायला लागला, आणि दादा मला म्हणाला, "त्याला एकटं का जेवायला लावतोस? माणूस आहेस का कोण?" मग दादाच त्याच्याबरोबर बाहेर जेवायला लागला. म्हणजे मी त्याला बाहेर काढायला गेलो आणि आत एकटा मीच राहिलो.

एका रविवारी दादा त्याला घरी जेवायला घेऊन आला. आईने त्याला पहिल्यांदाच पाहिलं आणि वाढता वाढता म्हणाली, "किती गरीब स्वभाव आहे रे! आमच्या घरात असं एक तरी जन्माला यायला हवं होतं." आम्ही दोघंही समोर बसलेलो होतो. दादा हसला. दादाला खरंखुरं हसू आलं की त्याच्या डाव्या नाकपुडीतून बारीक शिट्टी वाजते. ती शिट्टी वाजवायला मला लहानपणापासून सरासरी चार विनोद लागतात. बारकोडने नुसती वाटी पुढे केली होती.

पण हे सगळं मी गिळलं. गिळता आलं नाही ते एवढंच: तोपर्यंत बारकोड दादाला "तुम्ही" म्हणायचा. "दादा, चहा घेणार का तुम्ही?" ठीक आहे. रीतीला धरून आहे. एका सोमवारी सकाळी तो खिडकीत वाकला आणि म्हणाला, "दादा, चहा घेतोस?"

दादा म्हणाला, "घेतो की."

मी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होतो. काय लिहीत होतो ते अजूनही तिथेच आहे, पण कुणाला वाचता येत नाही.

त्याच सोमवारी बाईंच्या गाडीचा विषय निघाला.

बाई म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षिका. त्यांची मोटरसायकल पंधरा वर्षांची, आणि कंपनीने ते मॉडेल बंद करून अकरा वर्षं झालेली. गाडीच्या ऑइल पंपाचा गिअर गेला होता. गिअर म्हणजे बिस्किटाएवढं पांढरं प्लास्टिकचं दातेरी चाक. त्याचे दात झिजले की इंजिनात तेल फिरत नाही, आणि तेल फिरलं नाही की इंजिन म्हणजे पातेलं. बाई म्हणाल्या होत्या, लेथवर लोखंडाचा बनवून घ्या. दादा म्हणाला, "नाही बाई, तो प्लास्टिकचा मुद्दाम केलाय. आत काही अडकलं तर दात त्याचे पडावेत, इंजिनाचे नाही." तेव्हापासून, म्हणजे एक्केचाळीस दिवस, गाडी रॅम्पवर पोट उघडं टाकून पडली होती, आणि बाई रोज अकराला येऊन ग्राहकांच्या सोफ्यावर बसत होत्या. भांडत नव्हत्या. आजारी माणसाजवळ बसावं तशा बसायच्या, आणि शोरूममध्ये आलेल्या लोकांना नद्यांचे उगम विचारायच्या. आमचे दोन ग्राहक त्यामुळे परत आले नाहीत.

गिअर आणायचं काम माझं होतं. आमच्या काउंटरचा नियम आहे: ज्याने पहिल्यांदा जॉब कार्ड हातात घेतलं, त्याने तो पार्ट शेवटपर्यंत बघायचा, दुसऱ्याने त्यात हात घालायचा नाही. मी कंपनीला नंबर कळवला होता. कंपनीचं उत्तर आलं होतं, "उत्पादन बंद." आमच्या कंप्युटरमध्ये बघितलं होतं, स्टॉक शून्य. त्यानंतर मी रोज बाईंना "येतोय, येतोय" म्हणत होतो. तेही कामच आहे.

तर सोमवारी दुपारी मी खिडकीखाली वाकून वायसरचा डबा शोधत होतो, आणि पलीकडे दादा फोनवर वहिनीशी बोलत होता.

"अगं, गाळा पक्का झाला. पुढच्या महिन्यात चावी मिळते... हो, स्वतःचं गॅरेज म्हणजे स्वतःचंच... माझ्याबरोबर? पार्ट्सला एक माणूस घेईन. एकच... कोण ते बघतो. दोघांपैकी एक. बाईंचा गिअर कोण आणतो त्यावरून कळेलच."

मी वायसरचा डबा हातात धरून तसाच वाकून राहिलो. दादा गॅरेज काढणार हे मला माहीत होतं. त्यात पार्ट्सला मी असणार हेही मला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. बोर्डाचा रंगसुद्धा मी मनात ठरवला होता. आणि आता त्या एका जागेसाठी "दोघांपैकी एक"!

मी सरळ झालो तेव्हा दादाचं डोकं खिडकीत आलेलंच होतं. "बारकोड," ते म्हणालं, "बाईंच्या गिअरचं तूही बघ रे जरा."

बारकोड माझ्याकडे बघून म्हणाला, "पण ते याचं काम आहे, दादा."

"तरी बघ."

"बरं. उद्या माझी सुट्टी आहे. परवा बघतो."

म्हणजे माझ्या हातात एक मंगळवार होता.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वाटेलच, पण कारण तरी कळेल. डीलर लोक एकमेकांकडून जुने पार्ट मागून घेतात. तुमच्याकडे नसलेला पार्ट कुणीतरी मागितला, तर "नाही" म्हणायचं नसतं. "बघतो" म्हणायचं. मग तुम्ही तिसऱ्याकडे विचारायचं, तिसऱ्याने चौथ्याकडे. कुणासाठी मागतोय ते सांगायचं नाही, कुठून आणला तेही सांगायचं नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी ते दोघं परस्परच बोलतील आणि तुम्ही केलेल्या उपकाराला कुणी विचारणार नाही. आणि सगळं बोलणं नंबरांत. "क्लच केबल" वगैरे नावं ग्राहकांसाठी असतात.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी हायवेवाल्याला फोन लावला. हा दोनशे किलोमीटरवर हायवेला डीलर आहे. त्याच्या मागे सतत ट्रक जात असतात, त्यामुळे तो आनंदाची बातमीसुद्धा ओरडून सांगतो.

"लिहून घे," मी म्हणालो आणि अकरा आकडे सांगितले.

"कुणाला पाहिजे?" तो ओरडला.

"एक जण आहे."

"बघतो!"

साडेअकराला आमच्या स्टोअरचा फोन वाजला. बंदरावरच्या डीलरकडच्या मॅडम. यांचा पार्टवाल्यांमध्ये फार दबदबा आहे. त्या कधी फोन करत नाहीत. त्यांना फोन येतात.

"एक नंबर सांगते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या स्टॉकला एक पीस दिसतोय. आहे का बघा."

मी नंबर टाकला. स्क्रीनवर आलं: 'गिअर, ड्राइव्ह. एक पीस. रॅक नऊ, खण चौतीस.' नऊ नंबर रॅक म्हणजे आमच्याकडचं मागचं रॅक. तिथे बंद पडलेल्या मॉडेलचं सामान आणि मोडका पंखा असतो. मी गेलो. खण चौतीसमध्ये धुळीने मऊ झालेलं एक तपकिरी, सीलबंद पाकीट होतं.

"आहे मॅडम."

"मग आजच पाठवा ना, प्लीज. माझा एक माणूस अडलाय. दुसऱ्याकडून आलाय बिचारा. फारच काकुळतीला आलाय म्हणे."

"तुमच्यासाठी काय पण, मॅडम!" मी म्हणालो. मनात म्हटलं, कोण कुठला रडतराऊत, आपल्याला काय. मॅडमवर उपकार झाला ना! उद्या गिअरसाठी यांचेच पाय धरायची वेळ आली तर हा पीस कामाला येईल. मी स्वतः पाकिटाला पाकीट चढवलं, वर पत्ता चिकटवला, कुरिअरवाल्याला हाक मारली, आणि तो निघून गेल्यावर हातसुद्धा हलवला.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे. कंपनी अधूनमधून पार्टचे नंबर बदलते. वस्तू तीच, नंबर नवा. जुन्या नंबरवरचा माल मात्र जुन्याच नंबरवर पडून राहतो. कुठल्या नंबरचा कुठला झाला, ही सगळी साखळी कंप्युटरमध्ये असते, पण तिथपर्यंत पोचायला तीनदा एंटर दाबावं लागतं. बंदरावरच्या मॅडम तीनदा दाबतात. बारकोड तीनदा दाबतो. मी दोनदा दाबतो आणि चहा पितो.

बुधवारी बारकोड सुट्टीवरून आला, खुर्चीत बसला आणि कंप्युटरवर एंटरचा आवाज आला. टक. टक. टक. मग तो उठून नऊ नंबर रॅककडे गेला. परत आला. माझ्याकडे बघितलं.

"काय?" मी म्हणालो.

"काही नाही. चहा घेतोस?"

दुपारी तो बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होता. हा शोधणार. याला सापडणार. मी हायवेवाल्याला पुन्हा फोन लावला.

"मिळाला!" हायवेवाला ओरडला. "एकाकडून मिळवलाय! काय पापड लाटावे लागलेत तुला सांगू!"

"कुणाकडून?"

"ते कसं सांगू! शनिवारी तुझ्या हातात!"

बुधवार ते शनिवार मी बारकोडवर नजर ठेवून होतो. तो शांत होता. गिअरचं नावही काढत नव्हता. दादाने एकदा खिडकीतून विचारलं, "बारकोड, बाईंचं काय झालं रे?" तर तो म्हणाला, "होईल, दादा." मला वाटलं, हरला. गुपचूप हरला. मला त्याची दयाही आली, पण ती जळजळीच्या वर तरंगत होती, पाण्यावर तेल असावं तशी.

शनिवारी बारा वाजता कुरिअर आलं. पाकीट घेताना ते जाडजूड लागलं. मी ते वर धरून वर्कशॉपच्या दारातून चालत गेलो. खिडकीतून द्यायची गोष्ट नव्हती ही. चार मेकॅनिक उठून उभे राहिले. बाई सोफ्यावरून उठून आल्या. दादाने पाकीट फाडलं, आतलं फाडलं, त्याच्या आतलं फाडलं, आणि तळहातावर पांढरं दातेरी चाक ठेवलं. नवं कोरं. सगळे दात शाबूत.

"कुठून आणलास?"

"आहेत आपल्या ओळखी," मी म्हणालो.

शिट्टी वाजली. डाव्या नाकपुडीतून. एकही विनोद न करता! "धाकट्या," दादा म्हणाला, "मानलं."

दोन तासांत गाडी सुरू झाली. बाईंनी वर्कशॉपला एक चक्कर मारली, सगळ्यांना एकेका नदीचं नाव दिलं आणि निघून गेल्या. (सोमवारी अकराला परत आल्या. गाडी ठणठणीत होती. सोफ्याची सवय झाली होती.)

त्या गडबडीत मी सहज मागे बघितलं. बारकोड खाली वाकून फाडलेली पाकिटं गोळा करत होता. एकात एक अशी तीन होती आणि सगळ्यात आत ते तपकिरी. त्याने ते तपकिरी पाकीट उलटं केलं, बघितलं, दुमडून पाचपैकी कुठल्या तरी शर्टाच्या खिशात टाकलं आणि बाकीचं कचऱ्यात.

मी स्टोअरमध्ये त्याला गाठलं. "काय ठेवलंस खिशात?"

"काही नाही रे."

"दाखव."

त्याने दाखवलं. पाकिटावर आमच्या स्टोअरचा शिक्का होता, आणि आमच्याच लेबलवर छापलेलं होतं: रॅक नऊ, खण चौतीस.

मला कळायला साधारण तीन एंटर लागले. मग कळलं. काकुळतीला आलेला रडतराऊत मीच होतो.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"बुधवारपासून. रॅकवर गेलो तर पीस नव्हता. मग बघितलं, तुझ्या नावावर मंगळवारी बाहेर गेलाय. मग मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हायवेला पाठवतेय. मग हायवेवाल्याला केला. तो म्हणाला, तुम्हालाच पाठवतोय. म्हटलं, मग ठीक आहे, येतोच आहे. फक्त जरा लवकर पाठवा म्हटलं."

हेही बघा. मला लोक "कसं सांगू" म्हणतात. याला तासाभरात पूर्ण प्रवासवर्णन.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि दादाला?"

"दादाला कशाला?" तो खरंच गोंधळला. "तुझा भाऊ आहे तो. खूश झालाय. राहू दे ना."

त्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि चहा आणायला गेला.

मी तिथे उभा राहिलो. पाकीट माझ्याकडे होतं. गाळ्यातली जागा माझी होती. शिट्टी वाजली होती. मला फक्त ते पाकीट फाडून नऊ नंबर रॅकमागे टाकायचं होतं, तिथे मोडक्या पंख्यालाही कुणी अकरा वर्षांत विचारलं नव्हतं. पण आतून अशी लाही व्हायला लागली की मला उभं राहवेना. हुशारीत तो पुढे, ठीक. नंबरांत पुढे, ठीक. आईच्या नजरेत पुढे, तेही सोसलं. पण आता चांगुलपणातही तोच पुढे? आणि मी जन्मभर दादाच्या गाळ्यात बसून बोल्ट मोजणार, आणि मला माहीत असणार की ही जागा मला त्याने दिलीय, चहासारखी, न मागता!

माझं मन मला खात होतं असं म्हणायला आवडेल. पण खरं सांगतो, मला त्याच्यावर कुरघोडी करायची होती, बाकी काही नाही.

मी वर्कशॉपमध्ये गेलो. दादा रॅम्पजवळ हात पुसत होता.

"दादा, तो गिअर आपल्याच स्टोअरमध्ये होता."

"कुठला?"

"बाईंचा. नऊ नंबर रॅकवर. जुन्या नंबरवर पडला होता. एक्केचाळीस दिवस. मी शोधला नाही. मंगळवारी मीच तो बंदरावर पाठवला. मॅडम म्हणाल्या, कुणी बिचारा काकुळतीला आलाय. त्यांनी तो हायवेला पाठवला. हायवेवाल्याने मला. बारकोडला बुधवारीच कळलं होतं, पण तो बोलला नाही. आणि तू वहिनीशी बोलत होतास ते मी खिडकीखाली वाकून ऐकलं होतं. वायसर शोधत होतो, पण ऐकलं."

दादाने फडकं खाली ठेवलं. मी पाकीट पुढे केलं. त्याने रॅक नऊ, खण चौतीस वाचलं. मग खिडकीकडे बघितलं, खिडकीतून नऊ नंबर रॅककडे, तिथून परत रॅम्पकडे.

"पावलं किती असतील रे?"

"बावीस."

"आणि तो किती फिरला?"

"सहाशे किलोमीटर. थोडं वर."

आधी बारीक आवाज आला. मग शिट्टी वाढत गेली, आणि दादा रॅम्पला धरून खालीच बसला. डोळ्यांतून पाणी. मेकॅनिक धावत आले, त्यांना वाटलं कुठूनतरी हवा गळतेय. "बिचारा... काकुळतीला..." एवढंच त्याला बोलता येत होतं. चोवीस वर्षांत मी त्याला एवढं हसवलं नव्हतं, आणि मी एकही विनोद केला नव्हता. दोन-तीन मिनिटं मला वाटलं, झालं. याच्यावर जागा पक्की.

मग तो उठला, डोळे पुसले, गालाला ग्रीस लागलं.

"मी बारकोडला नेणार आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"माहीत आहे तर तोंड असं का केलंस?"

"असंच आहे ते."

"हे बघ. गाळ्यात मला तीनदा एंटर दाबणारा माणूस पाहिजे. खरं बोलणारा घरी आहेच."

"मीही दाबीन की तीनदा. आता शिकलो."

"आणि दाबलं नाहीस तर? बारकोड चुकला तर मी त्याच्यावर ओरडेन आणि तो दुसऱ्या दिवशी नीट करेल. तुझ्यावर ओरडलो तर तू घरी येऊन आईसमोर दोन दिवस जेवणार नाहीस, आणि मग आई माझ्यावर ओरडेल."

"मग ओरड की माझ्यावर! तुला कोण नको म्हणतंय?"

हे मी जरा मोठ्याने म्हणालो. चार मेकॅनिकनी एकाच वेळी चार वेगवेगळे पाने उचलले आणि कामाला लागले.

दादाने फडकं उचललं, गालावरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "धाकट्या, मी रोज घरीच येणार आहे रे."

"घरी तू पेपर वाचतोस," मी म्हणालो आणि स्टोअरमध्ये निघून आलो.

महिनाअखेरीला बारकोडचा शेवटचा दिवस होता. काउंटरचं सगळं काम त्याने मला समजावून दिलं, म्हणजे जे मी त्याला शिकवलं होतं तेच, पण आता ते बरोबर होतं. मग त्याने आपली छोटी वही काढली, पेनचं टोपण उघडलं आणि जरा लाजत म्हणाला, "तुला एक विचारू? दादाबरोबर आता दिवसभर एकटाच असणार मी. त्याचं काय आवडतं, काय नाही, सांगशील का? तुला कसं, सगळं पाठ आहे."

पाठ! मी खुर्ची ओढून बसलो. पहिल्यांदाच या माणसाला माझ्याकडून नंबर हवा होता.

सांगितलं मी. दादाला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे डावीकडे उभं राहायचं. कान माझ्या बॅटने गेलाय, तो विषय काढायचा नाही. त्याला भूक लागली की तो दहाचा पाना शोधायला लागतो आणि पाना हातातच असतो. अशा वेळी पाना द्यायचा नाही, डबा द्यायचा. तो "बरं" म्हणाला तर ठीक आहे, "ठीक आहे" म्हणाला तर बरं नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना तो श्वास रोखतो, तेव्हा त्याच्याशी बोलायचं नाही. बारकोड भराभरा लिहीत होता, एक-दोन-तीन आकडे घालून. पान भरलं, त्याने उलटलं.

"अजून काही?"

अजून एक होतं. दादाला शाबासकी देता येत नाही. जीभच वळत नाही. "मानलं" वगैरे तो वर्षातून एकदा म्हणतो, तेही चुकीच्या माणसाला. एरवी एखाद्याचं काम त्याला मनापासून आवडलं की तो जवळ येतो, काही न बोलता त्याच्या खांद्यावरची धूळ दोन बोटांनी झटकतो आणि निघून जातो. धूळ नसतेच. हे आईला माहीत नाही. वहिनीलाही नाही, तिला वाटतं तो तिच्या साड्यांना नावं ठेवतो. मला कळायला सोळा वर्षं लागली.

बारकोड पेन रोखून माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

त्याने वही मिटली, मला मिठी मारली आणि गेला. गाळा आता जोरात चालतो म्हणतात. परवा आई सांगत होती की तो बारकोड फारच टापटिपीचा झालाय हल्ली, दिवसातून दोनदा शर्ट बदलतो, आणि खांदे तर सारखे झटकत असतो.

"का गं?" मी विचारलं.

"काय माहीत! म्हणतो, दादाला माझ्या शर्टावर रोज धूळ दिसते."

रोज!

मी ताट पुढे सारलं आणि म्हणालो, मला भूक नाही.